नळी धुतली का?

...नाही, मला एक सांगा, जगातल्या बाकीच्या बापांना सकाळी बोलायला दुसरं काही सुचतं की नाही? ‘उठलास का’, ‘कॉफी घेतोस का’, गेला बाजार ‘नोकरीचं काय झालं’! आमचा बाप, मी झोपतो त्या तळघराच्या दारात उभा राहून वरूनच बोंब ठोकतो, ‘‘वेस! नळी धुतली का?’’ कॉलेज अर्धं टाकून आलेल्या पोराला आमच्या मॅनिटोवॉक गावात दुसरा मान नाही, तुम्हाला सांगतो!

बाप घरी बिअर बनवतो. गॅरेजमध्ये जुना फ्रीझर, फ्रीझरमध्ये पिंपं, पिंपातून तोटीपर्यंत नळ्या. पिंप रिकामं झालं की नळीत उरलेली बिअर आंबते, आतून बुळबुळीत थर धरते, आणि नवं पिंप जोडलंत तर पहिल्या घोटाला ओल्या पायमोज्याची चव! म्हणून धुवायची. गरम पाणी, पावडर, परत पाणी, तोटीचे सगळे भाग सुटे करून इवल्याशा ब्रशने खरवडायचे. पिणार हे, ढेकर देणार हे, आणि ब्रश कुणाच्या हातात?

बरं, धुतली. पुढचं पिंप तयार होईपर्यंत ठेवायची कशी? इथे म्हाताऱ्यांचे पंथ सुरू होतात! बापाचा दोस्त लेरॉय जन्मभर दुधाच्या डेअरीत होता, तो म्हणतो, ‘‘नळीत जंतू मारायचं पाणी भरून ठेव, प्रोफेसर. आमच्या डेअरीत...’’ की झालं, डेअरी सुरू! मला प्रोफेसर म्हणतो हा, शिक्षण सोडल्यापासून. बाप म्हणतो, ‘‘पाणीबिणी काही नाही, गॅस मारून कोरडी करायची आणि वेटोळं करून खिळ्याला टांगायची.’’ वीस वर्षं हेच भांडण, आणि वीस वर्षांत दोघांपैकी एकानेही ब्रश उचललेला नाही!

आणि नॉर्ब? नॉर्ब मध्ये बसून म्हणायचा, ‘‘अरे, भरा नाहीतर टांगा, पण आधी मला ओता!’’ बापाचा शाळेपासूनचा दोस्त. त्या टोळक्यातला एकच म्हातारा, ज्याने मला कॉलेजचं कधी विचारलं नाही.

त्याला गेल्या वर्षी घशाचा कॅन्सर झाला. घशाला किरणं दिली, कॅन्सर गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. शुक्रवारी आम्ही सगळे तळलेले मासे खायला जातो, तर हा प्रत्येक घासाला म्हणतो, ‘‘छान आहे.’’ लिंबू छान, मासा छान, कागदी रुमाल चघळला असता तर तोही छान! शेवटी त्याची बायको आर्लीन बापाला म्हणाली, ‘‘डेल, काल मी त्याच्या कॉफीत मुद्दाम मीठ घातलं. छान म्हणाला.’’

आमच्या घरात वाईट बातमीवर बोलायची पद्धतच नाही, गॅरेजमध्ये जायची आहे. बाप तिकडे गेला, आणि नॉर्बची आवडती तांबूस बिअर बनवायला घेतली. डॉक्टरने एका ग्लासाची परवानगी दिल्यावर तर बापाला दुसरं काही सुचेना. पहिला ग्लास नॉर्बचा, तोवर कुणी थेंब चाखायचा नाही. आणि मला म्हणतो, ‘‘वेस, त्याला चव नाहीच लागली तर नाही. पण लागली, तर ती चांगलीच लागली पाहिजे. नळी धुतली का?’’

धुतली! आठवडाभर धुतली! माझ्या बोटांची साल गेली, तुम्हाला सांगतो, आरपार काचेसारखी केली ती नळी!

रविवारी चर्चमधून परस्पर सगळे गॅरेजमध्ये. मी वर स्वयंपाकघरात सॉसेज भाजत होतो. तेवढ्यात बापाने काय करावं? माझ्या नळीला नाक लावलं, ‘पावडरचा वास येतोय’ म्हणाला, काढली, आणि स्वतःच्या हाताने खिळ्यावरची ‘चांगली कोरडी’ नळी जोडली! आता खिळ्यावर कुठली होती? ईस्टरला माझ्या बहिणीच्या पोरांसाठी रूट बिअर भरली होती, ती! नावात बिअर, पण पोरांचं गोड सरबत हो, खोकल्याच्या औषधाच्या वासाचं! तो वास एकदा प्लॅस्टिकमध्ये शिरला की धुवा, उकळा, शिव्या द्या, जात नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, फेका. तर म्हणे, ‘‘धडधाकट नळी फेकतोस? तुझ्यासारखं सगळंच अर्ध्यात टाकायचं का?’’

मी खाली गॅरेजमध्ये येतो तर ग्लास नॉर्बच्या हातात. माझं लक्ष गेलं खिळ्याकडे. खिळा रिकामा! ओरडणार, तोवर त्याने घोट घेतला.

थांबला. कपाळाला आठ्या.

‘‘डेल,’’ तो म्हणाला, ‘‘ह्यात रूट बिअर कुणी ओतली?’’

लेरॉय सुरू, ‘‘सांगत होतो, आमच्या डेअरीत...’’ बाप पांढराफटक! आणि मी, इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर काढायला तोंड उघडलंच होतं... तर आर्लीनने माझा दंड धरला. गच्च. कारण नॉर्बने दुसरा घोट घेतला होता.

‘‘घाण आहे,’’ तो म्हणाला. ‘‘डेल, लेका, भयंकर घाण आहे रे!’’ आणि डोळ्यांतून धारा! ‘‘खोकल्याचं औषध! लागतंय मला! अजून ओत!’’

बाप फ्रीझरमध्ये डोकं खुपसून काहीतरी शोधत बसला. काय शोधत होता? फ्रीझरमध्ये त्या एका पिंपाशिवाय काही नव्हतं.

आता नॉर्बला बाकीचंही थोडं थोडं लागायला लागलंय. परवा आर्लीनच्या सूपला त्याने नाव ठेवलं, तर ती आनंदाने मला फोन करते! आणि ती आठवडाभर घासलेली, काचेसारखी नळी? तिच्यातून लेरॉयने त्याच्या गाडीतलं पेट्रोल काढलं.

पण आमच्या घरात माणूस सुधारेल? सकाळ झाली की तळघराच्या दारात तीच आकृती, तीच बोंब...

‘‘वेस! ती रूट बिअरची नळी धुतली नाहीस ना?’’