रेतीखालचा विस्तव

मी, सौ. उमा शशिकांत टिपणीस, वय ४१ वर्षे, धंदा घरकाम, रा. वडवली, अंबरनाथ (पूर्व), आज दि. २७ जानेवारी १९९२ रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती व सासूबाई सुहासिनी यांच्यासह राहते. पती एका खाजगी कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. म्हणजे पहारेकरी नव्हेत. कारखान्यात आग लागू नये, कामगारांचे हातपाय शाबूत राहावेत, हे बघणे त्यांचे काम आहे.

शनिवारी आमच्या सोसायटीतील पाच कुटुंबे बदलापूरजवळ नदीकाठच्या आमराईत तंबू ठोकून राहण्यास गेली. दरवर्षी थंडीत जातो. मला हौस नाही, पण डबे, चादरी, सासूबाईंच्या गोळ्या हे सगळे मलाच लक्षात ठेवायचे असते, म्हणून जावे लागते. आमराईचे राखणदार कोंडाजी यांनी पोपटी लावण्यासाठी मडके, वालाच्या शेंगा व लाकूड आणून दिले आणि दिवेलागणीला ते गावात निघून गेले. त्या रात्री ते परत आले नाहीत.

शेकोटीची व्यवस्था पतींनी केली. आजूबाजूचे गवत खरवडून काढले, खड्डा खणला. नदीतले ओले दगड तापून फुटतात म्हणून शेतातले कोरडे दगड आणून भोवती लावले. रॉकेल कोणाला आणू दिले नाही. बायकांना पदर खोचायला लावले. पाण्याची भरलेली बादली जवळ ठेवली. एवढी काळजी घेणारा दुसरा माणूस दाखवता येणार नाही, हेही लिहून घ्यावे. त्याच विस्तवात मडके उपडे घालून पोपटी लावली. सर्वांनी पोटभर खाल्ले, गाणी म्हटली. मलाही बरे वाटले. पाय शेकले गेले. बऱ्याच दिवसांनी मला कोणी ऊठ म्हणाले नाही.

झोपण्यापूर्वी विस्तवावर ओतण्यासाठी मी बादली उचलली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ज्यावर शिजवून खाल्लं त्यावर पाणी ओततेस? सुतक आहे का घरात?" पती म्हणाले, "आईचं बरोबर आहे. रेतीनंही शेकोटी विझते. आमच्याकडे रेतीच्याच बादल्या टांगलेल्या असतात." मी म्हणाले, "खाली फुफाटा राहील." ते म्हणाले, "सेफ्टी तू मला शिकवू नकोस." लग्नाला एकोणीस वर्षे झाली आहेत. मी बादली खाली ठेवली.

रेती कोणी टाकली असे विचारल्यावरून मी "आमच्या ह्यांनी" असे सांगितले. तसे लिहिता येत नाही, नाव घेऊन सांगा, असे हवालदार म्हणाले. मी सहसा नाव घेत नाही. रेती शशिकांत टिपणीस यांनी टाकली. नंतर त्यांनी भोवतीचे दगड उचलून दूर ठेवले व जागा पूर्वीसारखी दिसावी म्हणून फळीने सपाट केली. सकाळी तिथे काही होते असे कोणाला वाटले नसते.

रविवारी सकाळी आम्ही चहा पीत असताना गावातील विठा ही डोक्यावर कपड्यांचे गाठोडे घेऊन अनवाणी नदीकडे चालली होती. तिचा पाय रेतीत घोट्यापर्यंत गेला. तोल सावरायला दुसराही तिने तिथेच टाकला. "आगं बाय, पाय जलले गो!" असे ती ओरडली. मी धावत जाऊन तिला बाहेर ओढले व पायांवर पाणी ओतले. बादली रात्रीची तशीच भरलेली होती. तिच्या सासूबाई रखमाबाई धावत आल्या आणि "कोन्या मेल्यानं इस्तव पुरला इथं?" असे विचारू लागल्या. विठा भाजीची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार विकते. महिनाभर पाय टेकायचा नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

गावकरी जमल्यावर पतींनी सांगितले की, शेकोटी विझवायचे काम राखणदाराला दिले होते. ते खरे नाही. कोंडाजी एवढेच म्हणाले, "साहेब, मी व्हतो कुठं?" पाच कुटुंबांपैकी कोणी तोंड उघडले नाही. त्यात मीही होते. काल दुपारपासून कोंडाजी येथे ठाण्यात आहेत. आज आत येताना मला पाहून त्यांनी नमस्कार केला. मला फार लाज वाटली.

काल घरी पती म्हणाले, "माझं कामच सेफ्टीचं. हे पेपरात आलं तर नोकरी राहील का? त्याचं काय, त्याला दोन दिवसांत सोडतील." नोकरी जाऊ शकते हे मला कळते. घर त्याच पगारावर चालते. आज रिक्षातही काय सांगायचे ते त्यांनी मला पढवले. ते मी सांगितलेले नाही. कोंडाजी यांनी त्या शेकोटीला हातही लावलेला नाही.

पतीचे नाव गाळायचे का, असे हवालदारांनी मला दोनदा विचारले. गाळू नये. मी थकले आहे, परंतु शुद्धीवर आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. होता, तो बाहेर बाकावर बसला आहे.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून हवालदार हळू वाचू लागले, तेव्हा मोठ्याने वाचावा असे मी सांगितले. तो मोठ्याने वाचण्यात आला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
सौ. उमा शशिकांत टिपणीस