खुर्चीवरची पिशवी

दातांच्या दवाखान्यात एकच खुर्ची उरली होती आणि तिच्यावर एका बाईंची पिशवी ऐसपैस बसली होती. समोर अर्थशास्त्राचे सर गाल धरून उभे. कंपाउंडरबाईंनी कान टवकारले.

“सर, माझ्या लेकीला भोपळा दिलात?” पिशवीवाल्या बाईंनी विचारलं.

“टंचाई म्हणजे काय, विचारलं होतं. तिने लिहिलं, टंचाई नसतेच, देव सगळं पुरवतो.”

“मग खोटं आहे का? श्रद्धा असली की कशाला तोटा नाही!”

“बरं, मग पिशवी उचला. दाढ ठणकतेय.”

“अहो, ही जागा ह्यांच्यासाठी धरलीय! गाडी लावून येतायत.”

“देव देईल त्यांना दुसरी.”

“कुठून देणार? एकच तर उरलीय!”

“शाब्बास! हेच लिहायचं होतं.”

आत ड्रिल घरघरलं. कंपाउंडरबाई म्हणाल्या, “सर, तुमचा नंबर.”

“देवा, तूच वाचव रे बाबा!”

पिशवीवाल्या बाई म्हणाल्या, “आता कसं! सर, तुम्हालाही भोपळा!”