गाईनं खाल्लेलं गवत

त्या गोऱ्याची गोष्ट तुमाले सांगतली नाई का गा? तवा मी क्लबातलं टेनिसचं मैदान शेणानं सारवाचो. टेनिसवरच पोट भरनारा एक विलायती खेळाडू आला अन् आपल्या नागपूरच्या पोट्ट्याकडून पहिलाच सेट हरला. रॅकेट फेकून म्हने, "शेणावर मी खेळत नाई!"

सेक्रेटरी माह्यावरच भडकला, "त्याची माफी माग, नाई तर नोकरी गेली समज."

म्या म्हटलं, "काहून? त्याच्या देशात गवतावर खेळतेत ना? आमच्या गाईनं तेच गवत खाल्लं, अन् म्या सारवलं!"

कोनीतरी ते इंग्रजीत सांगतलं. गोरा पोट धरून हासला अन् खेळाले उतरला.

सेक्रेटरी म्हने, "तरी माफी माग."

म्या शेणाचं घमेलं त्याच्या पायापाशी आपटलं. म्हटलं, "उद्यापासून तूच सारव!"