मागच्या सीटवरचं वजन

मी टेमघरचा. आमचा बापूस खाडीत बुडी मारून रेती काढायचा, आणि संध्याकाळी घरी आला की आमच्यावर हात साफ करायचा, हातात येईल ते, पट्टा म्हणू नका, वल्हं म्हणू नका. काय सांगू तुमाला ताई, काही सांडलं-फुटलं की तो एकच विचारायचा, कोणी केलं? आणि मी तोंड उघडायच्या आधी दादा बोलायचा, मी केलं. दर वेळेला. कंदिलाची काच मी फोडलेली आणि मार दादाला. मी दाराआड कान दाबून उभा. आयस मध्ये पडली की तिलापण बसायची. एकदा बापसानं असा हाणला की दादाच्या डाव्या कानातनं रक्त आलं, त्या कानानं त्याला अजून ऐकू येत न्हाय.

मी काय चांगला न्हाय हां, आधीच सांगतो. बापसाचा राग माझ्यात उतरला, दादात न्हाय उतरला. शाळेत मी एकाचे दात पाडले, कामाला लागलो तर उस्तादानं पान्हा फेकून मारला, मी तोच उचलून त्याच्या गुडघ्यावर घातला. मग कोण ठेवणार? शेवटी दादानं कामतघरला कापड विणायच्या लूमच्या कारखान्याला लागून गॅरेज टाकलं आणि बोलला, चल, माझ्याजवळ ये, मला मारशील तर मी तरी पोलिसात जाणार न्हाय. स्प्रिंगचं काम तो करायचा, चाकांचं मी.

तेव्हा काल्हेरला गोडावनं उठायला लागलेली, जागेचे पैसे आलेल्या घरच्या पोरांच्या हातात नव्या नव्या गाड्या, आणि सगळ्यांना गाडी जमिनीला टेकवायची. दादा स्प्रिंग कापायचा. पण गाडी खाली आली की मागची चाकं वरनं आत कलतात आणि सरळ चालत न्हायत, ती परत लावायला लागतात. मशीन आमच्याकडं कुठलं? गाडीच्या दोन्ही अंगाला लूमचा धागा ताणून बांधायचा, पट्टीनं चाकाची पुढची कड मोजायची, मागची कड मोजायची, पुढची केसभर आत पाहिजे. खालच्या रॉडचा नट ढिला करायचा, रॉड फिरवायचा, परत मोजायचं. आणि दादाचा एक नियम होता, रिकाम्या गाडीवर मापं घ्यायची न्हाय. मागं माणसं बसली की कापलेली गाडी अजून खाली बसते, चाकं पुढनं फाकतात, मग ब्रेक मारला की ढुंगण फिरवते. म्हणून मागं वजन टाकायचं. माणसं नसली तर शेजारच्या कारखान्यातनं कापडाच्या दोन गाठी आणून सीटवर टाकायच्या.

त्या दिवशी काल्हेरच्या पप्पूशेठची गाडी होती. घरात हळद होती, तो बाहेरनं खिडकीत हात घालून हॉर्न दाबत शिव्या घालत होता, ऊन असं की पत्र्याला हात लावला की फोड. गाठ उचलायला दोन माणसं लागतात, दादा जेवायला गेलेला. मी बोललो, मरूदे, आणि रिकाम्या गाडीवर चाकं लावून दिली. दादा आला, विचारलं, गाठी टाकलेल्या ना रे? मी बोललो, टाकलेल्या.

दोन तासांनी ती गाडी फिरली. पप्पूशेठ चालवत होता, मागं चौघं, गोडावनातनं ट्रक रिव्हर्स आला, त्यानं ब्रेक मारला आणि गाडी आडवी होऊन ट्रकच्या मागच्या लोखंडात घुसली. त्याचा धाकटा भाऊस आदळलेल्या बाजूला बसलेला. एकोणीस वर्सांचा. पत्रा कापून काढला त्याला, अंगावर हळदीचा हात तसाच होता.

ते दहा-बारा जण आले, रॉड, हॉकी, आमच्याच जॅकचा दांडा. काचा फोडल्या, कॉम्प्रेसर फोडला. पप्पूशेठच्या कपाळाला पट्टी, त्यातनं रक्त गळत होतं, आणि तो रडत विचारत होता, चाकं कोणी लावली? कोणी केलं?

मी दोन पावलं मागं सरलो. आणि दादा पुढं झाला, बोलला, मी केलं.

त्यांनी त्याचे हात टेबलावरच्या वाईसच्या, त्या पकडीच्या लोखंडावर ठेवले. मी पाच हातांवर उभा होतो. ज्या माणसानं उस्तादाचा गुडघा फोडला तो मी, ताई, हाललो न्हाय. आधी उजवा, मग डावा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि मी काय केलं म्हाईत हाय? कान दाबले. कारखान्यातले लूम खडखडत राहिले, कोणी आलं न्हाय.

त्याला सहा वर्सं झाली. दादाच्या बोटांत आता चहाचा कप राहत न्हाय, वहिनी भरवते. तो बोलतो, त्यानं स्प्रिंग जास्त कापली म्हणून ते पोर गेलं. दर वर्साला काल्हेरला त्या वळणावर जाऊन नारळ ठेवतो, दोन मनगटांत धरून. आणि मी खरं बोललो न्हाय. त्याच्याबदली जगाशी मारामाऱ्या केल्या. मागं एक गिऱ्हाईक बोललं, गाठी कशाला, टाईम जातो, त्याचं डोकं मी बोनेटवर आपटलं, चार टाके पडले. दादानंच सोडवला त्याला, त्या मोडक्या हातांनी.

आता गाठी आणत न्हाय. आता दादा बसतो. खाली केलेली गाडी आली की तो मागं जाऊन बसतो, आणखी दोघं-तिघं चहावाल्याकडनं बोलवतो, बोलतो, माझं एवढंच काम उरलंय, वजनाचं. आतापण बसलाय बघा, त्या लाल गाडीत. काच खाली हाय. चांगला कान इकडंच हाय त्याचा. मला म्हाईत हाय, तुमाला सांगायला बसलो तेव्हाच म्हाईत होतं. ऐकूदे. दादा, गाठी टाकल्या नव्हत्या रे मी.

काय बोलतोय ऐकलंत? बोलतोय, कारखान्यातल्या गाठींवर धूळ तशीच होती त्या दिवशी, जेवून आलो तेव्हाच बघितलेली. बोलतोय, मी गाडीमागं पळालो पण ती गेली होती. बोलतोय, रडू नको, नट टाईट कर, माझी कंबर दुखते.

ताई, जरा सरका. तुमच्या पायाआड धागा दिसत न्हाय मला.