हळद लागल्याशिवाय

उलव्याच्या बसथांब्यावर दोन मुली माझ्यापुढे रांगेत उभ्या होत्या.

"उन्नती, आजीचा तो म्युझियमवाला ऑनलाइन कार्यक्रम झाला?"

"झाला ना काल. लग्नातले धवले गाणार होती. आणि ऐन वेळी अडून बसली. म्हणे, हलद लागल्याशिवाय धवला नाय गात."

"मग?"

"मग काय, म्युझियमच्या मॅडम म्हणाल्या, कुणाला तरी लावा, छान डेमो होईल. घरात बिनलग्नाची मी एकटीच."

"लावून घेतलीस?"

"गालाला दोन बोटं. श्रुती, आजी अशी गायली ना, चॅटमध्ये नुसत्या टाळ्या!"

"भारीच की. मग तोंड का पाडलंयस?"

"जासईच्या आत्याने व्हिडिओ सगळ्या भावकीत फिरवला. सकाळपासून लोक तारीख विचारतायत."

"सांग ना, डेमो होता म्हणून."

"सांगितलं. आजी म्हणते, धवला फुकट जात नाय. रविवारी पोरगा येतोय बघायला."

"अगं, मग त्या मॅडमना बोलायला सांग आजीशी!"

"केला फोन. खूश झाल्या. म्हणाल्या, तारीख ठरली की कळवा, पुढचा भाग मांडवातूनच लाइव्ह करू."