पत्रिकेतली बोटभर जागा

ज्यांनी कुणी हे केलंय ना, त्यांना पत्रिका म्हणजे पोराची पाटी वाटली का? — तुम्हाला नाही म्हणत मी काका, बसा तुम्ही, तुमच्या नातवाच्या जावळाचं कार्ड करतेच मी, लोणी भापकरहून आलात तसं लगेच जाऊ नका — पण तुम्हीच बघा की, हातात आहे ना तुमच्या? माझ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका, सुप्रियाची, रविवारी आहे लग्न. खाली बघा, निमंत्रकांची नावं. डावीकडं सहा, उजवीकडं पाच. आणि त्या पाचांच्या खाली निळ्या पेनानं काय लिहिलंय? ‘गेणबा’! आमचा लांबचा चुलता. स्वतःचं नाव स्वतः लिहून पत्रिका परत पाठवली, वर निरोप — राहिलं होतं म्हणून लिहिलं, राग नाही. राग नाही म्हणे!

दोष कुणाचा? पुस्तकाचा. हे, ह्या पुस्तकाचा — नवशिक्यांसाठी डीटीपी, घ्या हातात, बघा किती जाड आहे. ह्यातनंच शिकले सगळं. क्लास नाही, सर नाही, मला कुणापुढं बसून शिकायचा कंटाळा, अर्ध्यातच वाटतं की हे मला कळलं, पुढं चला. पहिला धडा काय, तर माउस कसा धरावा. राज्यशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेली बाई तीन दिवस माउस धरून बसली होती. आणि चौथ्या दिवशी थेट पाचव्या धड्यावर गेले, तर फोटो मोठा कसा करायचा तेच मागं राहिलं. कोपऱ्याला धरून ओढायचा असतो, मी बाजूला धरून ओढला. जळोचीच्या चौकात एकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, तोंड असं, भोपळ्यासारखं आडवं. मी दुकान बंद करून घरी बसले. आणि तो पेढे घेऊन आला — म्हणाला, ताई, तब्येत सुधारल्यासारखी दिसती, पुढच्या वर्षी पण तुमच्याकडनंच.

हां, तर पाचवा धडा. मोकळी जागा. पान ठासून भरू नका, पानाला श्वास घेऊ द्या. नमुना काय दिलाय माहितीये? कॉफीच्या दुकानाचं कार्ड, मधोमध चार शब्द, बाकी सगळं पांढरं. मला तर साक्षात्कारच झाला! म्हटलं, आपल्या पत्रिका म्हणजे काय असतात — वर पाच देव, खाली पन्नास नावं, मुंगीएवढी, मग पोरांचं ते ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’, नवरीचं नाव शोधायला भिंग लागतं. मी ठरवलं, मी क्रांती करणार. बापूंना, म्हणजे आमच्या वडलांना म्हटलं, भावकीतली घरं बारा, प्रत्येक घरातलं एक नाव, बस्स. बापू चक्क हो म्हणाले. मी त्या दिवशी पुस्तकाच्या पहिल्या पानावर तारीख घातली, एवढी खूश.

तर ही पाचांच्या खालची जागा म्हणजे तीच. श्वास. डिझाइन आहे ते. आता मला सांगा, दुसऱ्या कुठल्या तालुक्यात बोटभर पांढऱ्या कागदावरनं असं रामायण घडलं असतं का? पण आपल्याकडं पत्रिका तारखेसाठी वाचतो कोण? तारीख आधीच फोनवर कळलेली असते. पत्रिका हातात आली की बोट नावांवरनं खाली, खाली, आणि जिथं अडलं तिथं भांडण. पहिल्या संध्याकाळपासून फोन. हितं कुणाचं नाव हुतं? कुणाचं काढलं? वालचंदनगरच्या क्वार्टरमधनं मामींनी पत्रिकेचा फोटो ग्रुपवर टाकला, त्या जागेभोवती लाल गोल काढून! खाली बत्तीस जणांचे अंदाज. कुणी म्हणालं भिमाअण्णाचं असणार, त्यांचं बांधावरनं वाजलंय. कुणी म्हणालं नवऱ्याकडच्यांनी काढायला लावलं. इंदापूरला नवऱ्या मुलाच्या घरी पण पोचलं ते, त्यांनी बापूंना विचारलं, तुमच्यात काही आहे का म्हणून. सतरा जणांनी मला फोन केला. सतराही जणांना मी एकच सांगितलं, डिझाइन आहे.

काय म्हणालात? बारा घरं, मग नावं अकरा कशी?

तुम्ही मोजलीत होय. — नाही, बरोबर मोजलीत. अकराच आहेत. बारावं होतं, म्हणजे एक वेळ होतं. इथं स्क्रीनवर होतं. सारजाकाकूचं. माझी मधली चुलती, काका जाऊन नऊ वर्षं झाली, घर तीच चालवते, ऊस तीच घालते, कारखान्याच्या सभेची नोटीस तिच्या नावानं येते. आता त्या घराकडनं निमंत्रक कोण? मूलबाळ नाही. मग तीच की! ह्यात क्रांती वगैरे पण नाही, साधा हिशोब आहे. मी ‘श्रीमती सारजाबाई’ असं टाकलं, उजवीकडं सगळ्यात खाली, आणि प्रुफ घेऊन थोरल्या चुलत्यांकडं गेले. आबासाहेब. त्यांनी पाहिल्याशिवाय आमच्यात पत्रिका छापायला जात नाही. त्यांनी चष्मा लावला, नवरीचं नाव वाचलंच नाही, बोट खाली खाली आलं आणि थांबलं. म्हणाले, “ह्ये काय? शुभकार्यात हिचं नाव घातलं व्हय? लोकं काय म्हणत्याल?” आणि मग एकच शब्द. “काढ.”

आता तुम्ही विचाराल, मी काय म्हणाले. विचारा ना. हा कप दिसतोय का, पेनं ठेवलीत तो? बारामतीला कॉलेजात वक्तृत्वाचा पहिला नंबर, विषय — स्त्री आणि समता. बारा मिनिटं बोलले होते, टाळ्या थांबेनात. आणि आबांपुढं किती बोलले? एक शब्द. “बरं.”

बरं म्हणाले मी! इथं येऊन खुर्चीत बसले, नाव निवडलं, आणि ह्या बोटानं, ह्याच, डिलीट दाबलं. एवढासा आवाज होतो त्याचा. बापूंना सांगितलं असतं तर ते भांडले असते कदाचित — कदाचित नसते — पण मी सांगितलंच नाही, लग्नाच्या घरात कशाला. आणि बघा, उरलेली अकरा नावं नीट मध्ये घेणं हे एका मिनिटाचं काम होतं, सातव्या धड्यात आहे, कुणाला काही कळलं नसतं. पण मी नाही घेतली. म्हटलं राहू दे जागा मोकळी. हा माझा निषेध! लोक विचारतील, मग मी सांगेन. आणि लोकांनी विचारलं की! सतरा जणांनी! आणि ही वाघीण काय म्हणाली? डिझाइन आहे. अहो, असा निषेध कुणी केला असेल का जगात, की ज्याचा पत्ता निषेध करणारीनंच लागू दिला नाही?

आणि खरं सांगू? बत्तीस अंदाज वाचले मी, परत परत वाचले. दारू पिऊन जागा विकून गेलेल्याचं नाव आलं, सुरतेला असतो त्याचं आलं, दोन मेलेल्या माणसांची आली. हिचं एकानंही घेतलं नाही. कुणाला सुचलंच नाही की ती जागा तिची असेल. तेव्हा मला कळलं — नाही, काही कळलं वगैरे नाही, मी मोबाईल उलटा ठेवला नि जेवायला गेले.

हसू नका. ही खोली कुणाची माहितीये? तिचीच. कांद्याच्या जाळ्या होत्या इथं, मी म्हटलं दुकान टाकायचंय, तिनं दुपारपर्यंत खोली झाडून दिली. अजूनही पाटीवरचं नाव वाचून दाखवते आल्या-गेल्याला, बोट लावून. परवा विचारत होती, “पत्रिका चांगल्या झाल्या का गं?” मी म्हटलं, अजून छापतायत. आणि गठ्ठा माझ्या पायाशी! सगळ्या भावकीला हळदकुंकू लावून हातात दिल्या, आबांना तर वाकून दिली. तिची ह्या ड्रॉवरमध्ये आहे. चार दिवस. नाव घालून ठेवलंय पाकिटावर, ते मात्र फार सुंदर जमलंय. आज गुरुवार. रोज वाटतं आज देते, पण ती काय करणार, उघडणार, आणि तिचं पण बोट नावांवरनं खाली येणार की — मग मी काय म्हणू, श्वास आहे म्हणू?

काय? मागं काय बघताय? आत काही नाही हो, काकू आणि शेजारची साखरबाई मेथीच्या जुड्या बांधतायत, उद्याच्या बाजाराला. नाही ऐकू जात आत, पंख्याचा एवढा आवाज असतो, मी मुद्दाम दुरुस्त करत नाही — बंद आहे? कधीपासून बंद आहे? लाइट गेली होय… कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहे ना, मला कळलंच नाही… तुम्ही आलात तेव्हापासून? अहो काका, मग सांगायचं नाही का! — तुम्ही तुमची यादी ठेवून जा, संध्याकाळी फोन करते. जा तुम्ही. चपला तिकडं आहेत. — कोण? साखरबाई? काय गं, अशी दारात का उभी राहिलीस? काकू कुठाय? काही म्हणाली का ती?

“स्वरूपे, सारजा इचारतीया, पत्रिका द्याया तू आत येतीस, का तिनंच भाईर यिऊन घिऊन जावी?”