रंग वाळेपर्यंत

नॅरेल : ...आणि हात खाली आणू नकोस. काखेत रंग चिकटला की उद्या स्टेजवर दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे दिसतील.

रीस : किती वेळ धरू असे?

नॅरेल : वाळेपर्यंत. पंखा लावलाय. पाय फाकव अजून.

रीस : घोटभर पाणी दे ना.

नॅरेल : तुझा कोच वॉरिक काय म्हणाला? स्पर्धा होईपर्यंत फक्त ओठ ओले करायचे.

रीस : चूळ भरतो नुसती.

नॅरेल : तू चूळ गिळतोस. बायको आहे मी तुझी, मला तुझी चूळ माहीत आहे. वळ.

रीस : ती मोटेलवाली कशी बघत होती.

नॅरेल : बघणारच. दारातच म्हणाली, तुम्ही बॉडीबिल्डर लोक येऊन गेलात की माझ्या चादरी चहात बुडवल्यासारख्या होतात. म्हटलं, बाई, आमच्या काळ्या चादरी आम्ही घरून आणल्यात. मान खाली. आई सकाळी निघतेय टूवूम्बाहून.

रीस : बेवला कशाला बोलावलंस?

नॅरेल : मी कुठे बोलावलं? म्हणाली, नातवंड नाही तर नाही, जावयाचे दंड तरी बघते.

रीस : असं म्हणाली?

नॅरेल : हसत म्हणाली. नाताळात म्हणाली तेव्हा हसत नव्हती. ‘आमच्या घराण्यात कुणाला असं नव्हतं हो.’ सगळ्या टेबलासमोर. आणि मग केक कापायला घेतला.

रीस : मी होतो तिथे.

नॅरेल : होतास. कोळंबी सोलत होतास. मंगळवारी माझी ती तपासणी आहे परत. गर्भनळ्यांत औषध सोडून फोटो काढतात ती.

रीस : परत? दुखते ना ती?

नॅरेल : दुखते. पण डॉक्टर म्हणाल्या, तुमच्या नवऱ्याच्या स्टेरॉइडच्या सुया नऊ महिने पूर्ण बंद होत्या, त्याची तपासणीही चांगली आली, मग आता तुमच्याकडेच शोधायला हवं. बरोबरच आहे. दोष कुठेतरी असणारच. हलू नकोस रे.

वॉरिक : आत येऊ का? तुझ्या नवऱ्याच्या अंगावर काही आहे ना?

नॅरेल : आहे, रुमालाएवढं. ये.

वॉरिक : आहाहा. बघ ही पाठ. चौदा वर्षं पोरं तयार करतोय मी, अशी पाठ दोनदाच पाहिली. दिव्याकडे वळ रे बैला. दम धर. सोड. खाली तो कॉबी बसलाय ना, भाताच्या चकत्या खात? उद्या याच्या शेजारी उभा राहिला की उपाशी वाटेल.

नॅरेल : कॉबी चांगला दिसतो.

वॉरिक : दिसतो. पण सायकलवाला आहे. चार महिने सुया चालू, चार महिने बंद. दरवर्षी घर बांधायचं आणि दरवर्षी स्वतःच पाडायचं. मग म्हणतो, माझं दुमजली का होत नाही.

नॅरेल : पण मध्ये बंद ठेवलं की शरीर स्वतःचं हार्मोन बनवायला लागतं म्हणतात.

वॉरिक : लागतं की. रडतखडत. तोवर मांस गेलं, झोप गेली, बायको माहेरी गेली. मी अकरा वर्षांत एक दिवस बंद नाही. बारमाही. स्पर्धा आली की वाढवायचं, गेली की कमी करायचं. रक्त तेवढं घट्ट होतं, मग मधूनमधून रक्तदान करून येतो. तिथल्या नर्सा मला फार पुण्यवान समजतात.

नॅरेल : आणि मूलबाळ?

वॉरिक : मला कुठे हवं होतं? आता हवं म्हटलं तरी दुकान बंद. पण पाठ बघ माझी, पन्नाशीत.

नॅरेल : मग रीसचं कौतुकच म्हणायचं. गेल्या वर्षी नऊ महिने बंद ठेवूनही त्याची पाठ गेली नाही.

वॉरिक : कोण बंद होता?

रीस : वॉरिक, बर्फ बघून येतोस का?

वॉरिक : अगं, अशी पाठ बंद ठेवून राहते होय? आठवड्याला एक सुई तरी लागतेच. मीच तर देत...

रीस : वॉरिक.

वॉरिक : ...बघतो बर्फ. दार ओढून घेतो.

(रोलर रंगाच्या ताटलीत ठेवल्याचा आवाज. पंखा चालूच.)

नॅरेल : आठवड्याला एक.

रीस : कमी डोस होता. आमच्यात त्याला चालू म्हणत नाहीत.

नॅरेल : तुमच्यात काय म्हणतात ते मी विचारलं नाही. तुझी ती तपासणी?

रीस : गेलो होतो.

नॅरेल : रीस.

रीस : दवाखान्यापर्यंत गेलो. गाडीतच बसून राहिलो. मग कोंबडी घेतली आणि घरी आलो.

नॅरेल : आणि म्हणालास, सगळं उत्तम आलं. मी तुझ्या गळ्यात पडले. नंतर न्हाणीघरात जाऊन रडले, कारण मग उरले कोण? मीच ना?

रीस : ऐकलं मी.

नॅरेल : ऐकलंस?

रीस : दाराबाहेर उभा होतो. त्याच्या आधीच्या वर्षी मी खरंच बंद केलं होतं. नियमानं, सुया थांबवल्यावर घ्यायच्या गोळ्या घेऊन. आठवतंय? कपडे धुवायच्या खोलीत फरशीवर खचल्यासारखा बसून असायचो.

नॅरेल : मी चहा आणून द्यायचे.

रीस : द्यायचीस. आणि एकदा फोनवर बहिणीला म्हणालीस, घरात ओली उशी आणून ठेवल्यासारखं वाटतं. आणि हसलीस.

नॅरेल : ...म्हणाले होते.

रीस : तुझी चूक काढत नाहीये.

नॅरेल : काढूच नकोस. उशी माझ्याशी खोटं बोलत नव्हती.

रीस : मी तोलून बघितलं होतं. बंद केलं तर मूल होईल, पण त्याला बाप मिळेल तो असा फरशीवरचा. चालू ठेवलं तर... म्हटलं, एखाद्याला होतंही. जिममधल्या एकाला झालं. आपल्यालाही होऊन जाईल, आणि कुणाला काही कळायचं कारण नाही.

नॅरेल : यात मला कुठे तोललंस? त्या तपासणीच्या टेबलावर पडून मी दात आवळत होते. ते कोणत्या पारड्यात टाकलंस?

रीस : नाही टाकलं. म्हटलं, तपासणीच आहे. तुला काही निघणार नाही हे मला माहीतच होतं.

नॅरेल : माहीतच होतं. रडू नकोस आता. तोंडाला रंग लावलाय, ओघळ पडतील.

रीस : मी उद्या उतरत नाही.

नॅरेल : मग आई विचारेल का नाही उतरला, आणि मी काय सांगू? पोट दुखतंय? किती सांभाळायचं मी तुझं? उतर. न उतरून माझं काही फिटत नाही.

रीस : मग काय करू, तू सांग. सोमवारपासून सगळं सोडतो. कागदावर लिहून देतो.

नॅरेल : सोडलंस तरी तुझे शुक्रजंतू परत तयार व्हायला वर्ष लागेल, कदाचित होणारही नाहीत. हे तुला माझ्याआधी माहीत होतं. मी चाळिशीला टेकलेय, हेही. ते नंतर बघू, बघायचं असेल तर. आत्ता मी फोन लावतेय.

रीस : कुणाला?

नॅरेल : आईला.

रीस : नॅरेल, उद्या समोरासमोर सांगतो. स्पर्धा झाली की लगेच.

नॅरेल : उद्या तुझ्या गळ्यात पदक असेल. लोक फोटो काढत असतील. आत्ता सांग, असाच उभा राहून.

रीस : हात ओले आहेत माझे.

नॅरेल : मी धरते कानाला. मान इकडे कर.

रीस : काय म्हणू पण?

नॅरेल : ते मी नाही सांगणार. वाजतोय बघ.

रीस : बेव? ...मी रीस. ...हो, रंग चाललाय. ...नाही, गाडीचं काही नाही. तुम्ही जरा बसता का? ...नाही, नाही, नॅरेलला काही झालेलं नाही. बेव, नॅरेलला कधीच काही झालेलं नव्हतं.